पगार कमी मागणारा

दुर्गाघाट, काशी
९ नोव्हेंबर १९९६

दादा,

आणि वर तूच विचारतोस, माझं डोकं ठिकाणावर आहे का म्हणून. जत्रेत भांडलो तेव्हाही हेच विचारलं होतंस, ते पण पाहुण्यांसमोर. तेव्हा आईनं डोळ्यानं खुणावलं म्हणून गप्प बसलो. इथं खुणवायला कोणी नाही, म्हणून लिहितो. ठिकाणावर आहे. श्रीरामशेठचं चौकातलं दुकान मी सोडलं, माझ्या मर्जीनं सोडलं आणि परत जाणार नाही. एवढं वाचून राग आला तर पत्र वहिनीकडं दे. ती तरी शेवटपर्यंत वाचेल.

तू लिहितोस, शेठनं पोटच्या पोरासारखं ठेवलं, महिना पंधराशे लावले, गावातल्या कुठल्या सातवी नापास पोराला पंधराशे मिळतात? कुणाला नाही. पण दादा, ते पंधराशे मलाही कधी मिळाले नाहीत. हिशेब तुझा आणि शेठचा, दर वर्षी जत्रेला, देवळामागच्या पारावर. माझ्या हातात दर रविवारी चहा-पानाला दहा रुपये. पाच वर्षं झाली, माझा पगार कुठल्या रंगाच्या नोटांत येतो ते मला ठाऊक नव्हतं.

आणि आता सहाशेवर लागलो म्हणून तू घर डोक्यावर घेतलंस. दुर्गाघाटावर ढुंढिराज गुरुजींची धर्मशाळा आहे, आपल्याकडच्या यात्रेकरूंची. ती खरं म्हणजे त्यांची बायको चालवते, शरदिनीकाकू. पहाटे स्टेशनावर जाऊन माणसं आणायची, त्यांच्या ट्रंका गल्लीतून वाहायच्या (इथं गल्लीत रिक्षा शिरत नाही, सांड शिरतो), पाणी भरायचं, खोल्या झाडायच्या, गुरुजींच्या मागून पूजेचं सामान घेऊन घाट उतरायचा. दुपारची पंगत उठून भांडी पालथी पडली की मी मोकळा. सहाशे रुपये, दोन वेळचं जेवण आणि जिन्याखाली एक खोली. खोली आपल्या खुराड्याएवढी आहे, पण तिला आतून कडी आहे.

तू गलाईचं दुकान कधी आतून बघितलं नाहीस. तुला फक्त जत्रेला येणारी पोरं दिसतात, नवी कापडं घातलेली. म्हणून सांगतो. जुन्या बनारसी साड्या गठ्ठ्यानं येतात. आम्ही त्या जाळायच्या. रेशमाची राख होते आणि जरीतली चांदी खाली राहते. ती तेजाबात घालायची, पिवळा धूर निघतो तेव्हा तोंड फिरवायचं, मग मुशीत घालून भट्टीवर वितळवायची. सकाळी दुकान उघडल्यापासून सराफ घरी जाईपर्यंत हेच. जेवायचं तिथंच, झोपायचं तिथंच, भट्टीच्या वरच्या माळ्यावर. भट्टी कायम गरम, म्हणून काशीतली थंडी कशी असते ते मला या वर्षी कळतंय.

हे सगळं मी केलं. कामाची तक्रार नव्हती. तक्रार आंघोळीची होती.

हसू नकोस. चांदीचा भुगा हवेत उडतो, दादा. तो केसांत बसतो, कानात बसतो, नखांत बसतो. म्हणून दुकानाचा नियम असा की आंघोळ दुकानातल्या हौदावरच करायची. हौदाचं पाणी खाली एका टाकीत जातं, टाकीचा गाळ महिन्यानं निघतो, गाळ वाळवून भट्टीत जातो. झाडलोट भट्टीत. केस कापायला न्हावी दुकानातच येतो, केसही झाडलोटीत. सगळ्यातून थोडी थोडी चांदी निघते आणि ती शेठची. दोन गल्ल्या ओलांडल्या की शिंदे घाट. पण गंगेत डुबकी मारायची तर आधी हौदावर अंग धुवायचं, मुकादमाला दाखवायचं आणि मग जायचं. तेवढा वेळ कुणाला असतो?

आई सगळ्या आळीला सांगत फिरते की माझा सया रोज गंगास्नान करतो. मीच तसं लिहीत होतो. काय लिहू? की तुझं लेकरू काशीत राहून हौदावर अंग धुतं आणि त्याच्या मळाचाही हिशेब होतो?

आपल्याकडं आटपाडीच्या रस्त्यानं टँकरमागं घागर घेऊन पळालेला मी. नदी दोन गल्ल्यांवर आणि मला परवानगी नाही.

दसऱ्याच्या आधी मी शेठला म्हणालो, माझे सहाशे कमी करा, पण चार वाजता सोडत जा. बस, एवढंच मागितलं. शेठ आधी हसले, म्हणाले, "पगार वाढवून मागणारे लई बघितले, कमी मागणारा तूच पयला." मी म्हणालो, मग पहिल्याचं तरी ऐका. त्यांनी ऐकलं नाही, म्हणून निघालो. एवढीच गोष्ट.

आईला सांग, काल खरोखर गंगेत आंघोळ केली. आजही केली.

सयाजी


दुर्गाघाट
३० नोव्हेंबर १९९६

दादा,

चोर. लिहिलंस शेवटी. इतके दिवस शेठ म्हणत होते, आता तुझ्या अक्षरात वाचलं. अक्षर चांगलं आहे तुझं, लांबूनसुद्धा ओळखू येतं.

एवढीच गोष्ट असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. तेवढीच नव्हती. आईला वाचून दाखवशील म्हणून पुढचं लिहिलं नव्हतं. आता शेठच्या तोंडून सगळ्या गावानं ऐकलंच आहे, तर माझ्याकडून पण ऐक.

मी पगार कमी मागितला तेव्हा शेठ हसले, ते खरं. पण हसून झाल्यावर पान थुंकून आले आणि मुकादमाला आत बोलावलं. दादा, त्यांच्या जागी मी असतो तर मीही तोच विचार केला असता, हे मला आता कळतं. चांदीच्या दुकानात काम करणारा माणूस म्हणतो, मला पैसे कमी द्या पण रोज संध्याकाळी बाहेर सोडा. याचा अर्थ काय? याचा अर्थ बाहेर त्याचं काहीतरी चालू आहे. कमी पगारात कुणाचं भागतं? ज्याला वरकमाई आहे त्याचं. शेठला आणखी काही सुचलंच नाही. माणसाला चार वाजता नुसतं बाहेर जाऊन उभं राहायचं असेल, हे त्यांच्या डोक्यात बसेना.

मग माझी झडती झाली. सगळ्या पोरांसमोर. कपडे काढायला लावले. केसांतून फणी फिरवली, खाली कागद धरून. चपलांचे तळ खरवडले. माझी पिशवी उलटी केली, तिच्यातून वहिनीनं दिलेली शेंगदाण्याची चटणी निघाली, तीसुद्धा मुकादमानं बोटानं ढवळून बघितली आणि मग बोट चाटलं. म्हणाला, "तिखट हाय." सगळी पोरं हसली. मीही हसलो. काय करणार.

काही निघालं नाही. निघणार कुठून?

त्याच संध्याकाळी मी सामान बांधलं. तर मुकादम म्हणाला, कापडं ठेव, चपला ठेव, अंथरूण ठेव. हा दुसरा नियम. जो दुकान सोडतो, जो जत्रेला गावी जातो, त्यानं अंगावरचं, अंथरायचं, पांघरायचं सगळं तिथं ठेवायचं. ते जाळतात. कापडांत वर्षभराची चांदी बसलेली असते. म्हणून शेठ पोरांना जत्रेला नवी कापडं घालून पाठवतात, दादा. तू मागच्या वर्षी माझ्या शर्टाची कॉलर धरून सगळ्यांना दाखवलीस ना, बघा शेठनं पोराला कसं सजवून धाडलंय? तो शर्ट माझ्या जुन्या शर्टाच्या बदल्यात आला होता. आणि जुना जास्त किमतीचा होता.

मी शर्ट ठेवला. पँट ठेवली. चपला ठेवल्या, अनवाणी निघालो. वाकळ दिली नाही, ती अंगाभोवती गुंडाळून बाहेर पडलो.

तू म्हणतोस, शेठ म्हणतात त्या वाकळंत चांदी आहे. असेल. पाच वर्षं मी ती अंथरली-पांघरली. दर वर्षी जत्रेला येताना ती माळ्याच्या कौलाखाली खोचून ठेवायचो, मुकादमाला फाटकं पोतं द्यायचो. आईनं तिच्या जुन्या लुगड्यांची शिवली ती. माझ्या डोक्याखाली येतं त्या टोकाला तिचं लग्नातलं लुगडं आहे, ती शिवताना तिनं मला सांगितलं होतं. ती मी भट्टीत कशी टाकू? हजारो साड्या जाळल्या मी या हातांनी, कुणाकुणाच्या आयांच्या असतील, कधी थांबलो नाही. ही एक जमली नाही. याला तू चोरी म्हण.

पण मग हेही सांग की कुणाचं चोरलं. लुगडी आईची, टाके आईचे, घाम माझा.

सयाजी


दुर्गाघाट
१९ डिसेंबर १९९६

दादा,

वाचलं. शेठ माफ करायला तयार आहेत. पगार अठराशे करतात. तीन वर्षांनी गोरखपूरच्या दुकानात चार आणे भागीदारी. मी फक्त जायचं, वाकळ त्यांच्या पायाशी ठेवायची आणि चुकलो म्हणायचं. तू म्हणतोस, एका फाटक्या वाकळंपायी घरावरचा स्लॅब अडलाय, विटा अंगणात पडून आहेत, लोक विचारतात.

लोक विचारतात तर विचारू दे. मी वाकळ देणार नाही आणि गोरखपूरलाही जाणार नाही.

तुझा दुसरा प्रश्न जरा अवघड आहे. दुपारपासून रात्रीपर्यंत मी करतो काय? तू लिहिलंस, शिकत नाहीस, दुसरं काम धरत नाहीस, भजनाला बसत नाहीस, मग त्या रिकाम्या वेळाचं लोणचं घालतोस का?

पत्र हातात धरून मी बराच वेळ विचार केला, तुला दाखवण्यासारखं काय आहे. काही नाही रे. पोहतो. आधी काठाकाठानं पोहायचो, आता पलीकडच्या वाळूपर्यंत जाऊन येतो. वाळूवर ऊन खात पडतो. बालाजी घाटावर एक म्हातारे मास्तर बुद्धिबळ मांडून बसतात, त्यांना माझ्याशी खेळायला आवडतं कारण मी हरतो. कधी नावा रंगवणाऱ्यांजवळ बसतो. कधी झोपतो, उजेड असताना, मुद्दाम. काकू म्हणतात, "अरे, तुला फुर्सत चढली आहे, तब्येतीला चांगली असते." इथल्या मराठी लोकांचं बोलणं असंच, निम्मं आपलं निम्मं हिंदी. पहिल्या दिवशी मला वाटलं चेष्टा करतायत.

तुला खोटं सांगणार नाही. एखाद्या दिवशी हात शिवशिवतात. मुशीत चांदी वितळून आधी मळकट दिसते, आणि मग एका क्षणी वरची साय फाटल्यासारखी होऊन एकदम चमकते. तो क्षण मला दुकानात सगळ्यांपेक्षा आधी कळायचा. शेठही मलाच विचारायचे, "झाली का रं?" धर्मशाळेत मला कुणी काही विचारत नाही, फक्त संडास कुठं आहे ते विचारतात. आणि थंडी फार आहे. परवा ताप आला तेव्हा अठराशे आठवले, गोरखपूरही आठवलं.

मग ताप उतरला.

सयाजी


दुर्गाघाट
१७ जानेवारी १९९७

दादा,

तू शेठला पत्र घालून इथं पाठवलंस. मला न विचारता. बरं केलंस. निकाल लागला.

परवा इथं खिचडी झाली, म्हणजे आपली संक्रांत. सगळा घाट माणसांनी भरला होता. काल गर्दी ओसरली, मी अंगणात तांदूळ निवडत होतो, तर शेठ दारात उभे. सोबत मुकादम. शेठनी कोट घातला होता, आणि गल्ल्यागल्ल्यांतून चालत येऊन त्यांना धाप लागली होती.

काकूंना वाटलं यात्रेकरू. "या, या, बसा. सामान कुठंय? सांगली साइडहून?"

शेठ म्हणाले, "चौकातून."

"चौकातून? मग तर आमचेच. चहा घेणार ना? नाही म्हणू नका, काशीत नाही म्हटलं की ठीक नाही."

शेठ बसले. चहा आला. मुकादम माझ्याकडं बघतोय, मी तांदळाकडं. शेठनी अर्धा चहा घेतला आणि म्हणाले, "वैनी, हा पोरगा तुमच्याकडं ऱ्हातोय ते चांगलंच हाय. पर जपून असा. याच्या अंथरुणात माझी चांदी हाय."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. "अंथरुणात चांदी! अहो, आणि मी याला सहाशे तनखा देते? आण रे सया इकडं. आजपासून त्याच्यावर मी झोपेन, तू माझ्या चटईवर झोप."

मुकादमाला हसू फुटलं. शेठनी त्याच्याकडं बघितलं, तसं त्यानं ते गिळलं.

मग शेठनी सगळं सांगितलं. दुकानाचा नियम, त्यांच्या बापापासूनचा. एकाला सूट दिली तर उद्या बारा पोरं बारा वाकळा घेऊन जातील. दादा, शेठ खोटं बोलत नव्हते. आवाज पण चढवला नाही. म्हणाले, "सया, तुझ्या हातासारखा हात माझ्याकडं दुसरा न्हाई. वाकळ दे, चल. भावाचा स्लॅब मी घालून देतो, वरनं."

काकू ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "शेठजी, काशीत किती साल झाली तुम्हाला?"

"तीस होतील."

"आणि गंगास्नान? रोज होतं की पर्वणीला?"

शेठनी कप खाली ठेवला. "पयल्या वर्षी आईच्या अस्थी घेऊन आलो तवा केलं हुतं. मग दुकान झालं. फुरसत कुठाय."

"तीस साल," काकू म्हणाल्या. आत गेल्या.

मी उठलो. जिन्याखालच्या खोलीतून वाकळ काढली, खांद्यावर टाकली. म्हणालो, "चला शेठ. तुमची चांदी देतो." शेठना वाटलं मी दुकानाकडं निघालो. उठले, कोट झटकला, मुकादमाला म्हणाले, "बघ, म्हणलं न्हवतं?" गल्लीच्या तोंडाशी मी डावीकडं न वळता उजवीकडं वळलो. घाटाकडं. तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. मी पायऱ्या उतरायला लागलो तेव्हा मागून हाक आली, "अरं, हिकडं कुठं?"

मी थांबलो नाही. कमरेएवढ्या पाण्यात गेलो आणि वाकळ सोडली.

दादा, तुला सांगतो, पाणी काळं झालं. शाई ओतल्यासारखं. मी पायानं तुडवली, हातानं चोळली, आपटायला गेलो तर उचलेना, पाणी पिऊन म्हशीसारखी जड झालेली. आणि वर पायरीवर शेठ ओरडतायत, "बादली! अरं, बादली आणा कुणीतरी! पानी धरा!"

तिथं एक मल्लाह नाव धूत बसला होता. त्यानं आपली बादली वर केली. "का सेठ, गंगाजल भरबा का?"

शेठनी त्याच्या हातातून बादली ओढली आणि पाण्यात उतरले. बुटांसकट. दोन पायऱ्या उतरून त्यांनी बादली काळ्या पाण्यात बुडवली, वर काढली आणि बघितली. आत साधं पाणी होतं. नदी वाहते ना, थांबते कुठं. काळं सगळं पुढं निघून गेलं होतं, खालच्या घाटांकडं. ते तसेच उभे राहिले, गुडघ्याएवढ्या पाण्यात, बादली धरून, पुढं गेलेल्या पाण्याकडं बघत. आणि मग म्हणाले, रागानं नाही, दुकानात काटा बघून बोलतात तसं, "दहा-बारा ग्रॅम तरी गेली बघ."

मी म्हणालो, "जास्त असंल."

"न्हाई. दहा-बारा."

वाकळ पायरीवर ओढून आणली, पण एकट्याला पिळवेना. मी एक टोक धरून पीळ घालतोय, दुसरं टोक फिरतंय. मुकादम वरून बघत होता, तो काय येणार. शेवटी शेठनी बादली खाली ठेवली आणि दुसरं टोक धरलं. मी डावीकडं पीळ घालतोय, ते उजवीकडं. पाणी त्यांच्या कोटावर, माझ्या तोंडावर. तीनदा पिळली. तिसऱ्यांदा पाणी स्वच्छ आलं.

पायरीवर पसरली तेव्हा शेठ वाकून बघत होते. अंगठ्यानं एक टाका दाबून बघितला. "आईनं घातल्यात का टाके?"

"होय."

"घट हाईत." मग उभे राहिले. "येनार न्हाईस?"

"नाही, शेठ."

"तुझ्या भावाला काय सांगू?"

"सांगा, धुतली."

ते वर गेले. अर्ध्या पायऱ्या चढून थांबले, ओला हात कपाळाला लावला. घाम पुसला की नमस्कार केला, ते मला खालून कळलं नाही.

वाकळ अजून वाळतेय. धुकं आहे, ऊन दुपारी जरा वेळ येतं. आईला सांग, तिचं ते लुगडं हिरवं आहे. मला पाच वर्षं वाटत होतं की राखाडी आहे.

सयाजी


दुर्गाघाट
८ फेब्रुवारी १९९७

दादा,

तू पत्र घातलं नाहीस, पण वहिनीचं आलं. तिनं लिहिलंय, शेठ गावी येऊन गेले, पारावर सगळ्यांनी विचारलं, आणि ते म्हणाले, "पोरगं चोर न्हाई, येडं हाय." हे ऐकून तू मान खाली घातलीस म्हणे. का रे? मला तर बरं वाटलं. चोर म्हणून मी गावात येऊ शकलो नसतो. येडा म्हणून येऊ शकतो, आणि येणार आहे जत्रेला. माझ्या स्वतःच्या जुन्या कापडांत येणार, ओळख दे म्हणजे झालं.

वहिनी असंही लिहिते की तू विटांच्या ढिगाकडं बघत बसतोस. दादा, तुझ्या खोलीवर तू स्लॅब घाल. कर्ज काढू नकोस, सावकाश घाल. माझ्या वाट्याच्या खोलीवर पत्रा टाक. पावसात वाजेल, वाजू दे. मी कोण म्हणून माझ्या डोक्यावर स्लॅब पाहिजे? भट्टीच्या वर झोपून आलेला माणूस मी. आणि लोकांनी विचारलं, अर्ध्या घरावर पत्रा का, तर सरळ सांग, तो भाऊ कमी पगारावर आहे. लाजू नकोस. मी लाजत नाही.

हे माझं शेवटचं उत्तर आहे. यापुढं शेठ, गोरखपूर, अठराशे, यातलं काही लिहू नकोस. पावसाचं लिही, म्हैस व्याली का ते लिही, आईचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे ते लिही. त्याची उत्तरं मी आनंदानं देईन, मला वेळ आहे.

मागच्या महिन्याचा पगार काकूंनी माझ्या हातात ठेवला. दर महिन्याला ठेवतात, पण अजून सवय झाली नाही, कुठं ठेवायचा ते कळत नाही. आधी वाकळंत ठेवला, मग मलाच हसू आलं. त्यातून चपला घेतल्या. उरलेले कशाला लागतील ते विचारू नकोस, हिशेब देणार नाही. पाच वर्षांचा तू मला दिला नाहीस, मीही मागत नाही.

पण घरी पाठवायचे ते पाठवतोय. यावेळी पारावर नाही, शेठकडून नाही आणि तुझ्या नावावरही नाही. आज चौकातल्या पोस्टात जाऊन आईच्या नावानं मनीऑर्डर केली. कारकुनानं दोनदा विचारलं, भावाचं नाव का नाही घालत, तिकडं बाईमाणूस कुठं सही करणार? मी म्हणालो, अंगठा करेल. पोस्टमन आला की तिला उंबऱ्यापर्यंत येऊ दे, गुडघा दुखत असला तरी. पैसे तिच्या हातात पडू दे, तिला मोजू दे. तिला मोजता येतात, आपल्याला वाटतं येत नाहीत.

अडीचशे रुपये आहेत.

सयाजी